खुर्चीवरचा स्वेटर

१

चौथ्या मजल्यावर, जिन्याला लागून, दुय्यम प्रतींचा विभाग होता. ज्यांचे दाखले हरवले, भिजले, उंदरांनी खाल्ले किंवा भांडणात कुणी फाडून टाकले, त्यांनी तिथे अर्ज करायचा आणि नवी प्रत घेऊन जायचं. या विभागात अकरा वर्षं चिकटून बसलेल्या एका माणसाची ही गोष्ट. हुद्द्याने तो कनिष्ठ सहायक. पण शेजारच्या टेबलावरचे पेन्शनकाका त्याला नकलनवीस म्हणायचे आणि मग सगळेच म्हणू लागले. पेन्शनकाकांचं नावही असंच पडलेलं. निवृत्तीला सहा वर्षं असल्यापासून ते रोज सकाळी कॅलेंडरवर फुली मारायचे आणि मगच संगणक चालू करायचे.

नकलनवीसाच्या टेबलापुढे दुधी काच होती आणि तिच्या तळाशी वीतभर उंचीची फट. त्या फटीतून कागद आत यायचे, बाहेर जायचे. आतल्याला बाहेरच्याचे फक्त हात दिसत आणि बाहेरच्याला आतल्याचे. एकमेकांची तोंडं बघायची तर दोघांनाही वाकावं लागे. बाहेरचे लोक कधीकधी वाकत. आतल्याला तेवढा वेळ नसे.

एके दिवशी सकाळी फटीतून दोन म्हातारे हात आले. बाईंचा शाळेचा दाखला हरवला होता, गेल्या वर्षी त्यांनी नक्कल नेली होती आणि आता मूळ दाखला एका तसबिरीच्या मागे सापडला होता. बाई आनंदाने तो दाखवायला आल्या होत्या.

नकलनवीस दोनदा खाकरला. बोलण्याआधी दोनदा खाकरायची त्याची सवय होती. मग त्याने कात्री घेतली, दाखल्याचा वरचा कोपरा कापला आणि 'रद्द'चा शिक्का मारला.

"अहो, हे काय केलंत? हा खरा आहे ना?" बाई म्हणाल्या.

"होता. एकदा नक्कल निघाली की मूळ जमा करावं लागतं. एकाच माणसाचे दोन-दोन दाखले कसे चालतील?"

"पण याच्यावर माझ्या आईची सही आहे हो. इकडे बघा तरी."

तो वाकला नाही. मग बाईंनी विचारलं, "हा कापलेला तुकडा तरी नेऊ का?" त्यावर तो म्हणाला, "कचरा बाहेर देता येत नाही," आणि पुढचा कागद ओढला.

संध्याकाळी घरी जाताना त्याला उगाच आपल्या हातांकडे बघवेना.

२

नोकरी म्हणजे धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, हे त्याला कळायला अकरा वर्षं लागली नव्हती. दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. उरलेली नऊ वर्षं ते न कळल्यासारखं करण्यात गेली.

"घरी तू येतच नाहीस," बायको त्याला म्हणाली. ती एका दवाखान्यात अर्जबिर्ज नाही, तर माणसं सांभाळायची, त्यामुळे तिची नजर तिखट होती. "तुझा डबा येतो, तुझे बूट येतात. तू काही येत नाहीस. चिमणी तुझ्याशी बोलता बोलता मध्येच थांबते, ते तरी कळतं का तुला?"

चिमणी म्हणजे त्यांची मुलगी, वय वर्षं सात, पुढचा एक दात हलणारा. ती बोलता बोलता थांबते हे त्याला खरंच कळलं नव्हतं. हे असंच चालू राहिलं तर ही पोर मोठी होईल आणि आपण तिच्या लक्षातसुद्धा राहणार नाही, असं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

कचेरीच्या मागच्या गल्लीत एका मिस्त्रींचं सुतारकामाचं दुकान होतं. मोडक्या खुर्च्या, टेबलं दुरुस्त करायचे. डबा खाऊन झाल्यावर नकलनवीस तिथे जाऊन उभा राहायचा. एक दिवस मिस्त्री म्हणाले, "नुसतं बघून काय सुतार होणार आहेस? धर." त्यांनी हातात रंधा दिला. लाकडाची पहिली लांब साल वळून खाली पडली तेव्हा त्याला इतकं बरं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली.

आता कामाच्या वेळात तास-दीड तास बाहेर राहायचं कसं? त्याला कचेरीत एक रूढ उपाय होता. स्वेटर जागेवर तर माणूस जागेवर, असा तिथला अलिखित कायदा. कुणी बँकेत गेला, कुणी मुलाच्या शाळेत, तर खुर्चीच्या पाठीवर स्वेटर टाकून जायचा. विभागप्रमुख मॅडम फेरीवर आल्या की स्वेटर बघून पुढे जायच्या. त्यांची स्वतःची शालही बरेचदा त्यांच्या खुर्चीत एकटीच बसलेली असे.

नकलनवीसाचा स्वेटर राखाडी, पुढून बटणांचा. तिसरं बटण मात्र तपकिरी, कारण मूळचं चिमणीने रांगत्या वयात चावून टाकलं होतं. तो स्वेटर खुर्चीला अडकवायचा, बूट टेबलाखाली ठेवायचा आणि जुन्या चपला घालून मागच्या जिन्याने उतरायचा. मिस्त्रींकडे त्याने चिमणीसाठी एक छोटी खुर्ची करायला घेतली.

३

दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एका दुपारी तो सव्वातीनला परत आला आणि बसता बसता थबकला.

टेबलावर सकाळी अकरा अर्ज पडून होते. आता एकही नव्हता. अकराही नकला तयार होत्या, ओळीने लावलेल्या, आणि प्रत्येकीखाली त्याची सही होती. शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळवून खाली टिंब द्यायची त्याची लकबही तिथे होती.

"काका, माझं काम केलंत की काय?"

पेन्शनकाकांनी चष्म्यावरून पाहिलं. "मला स्वतःचं होईना. तुमचं कुठे करू?"

"मग हे कुणी केलं?"

"आता बसून तुम्हीच तर केलंत. मान वर न करता. मी म्हटलं, आज याला झालंय काय." काका हसले, त्यामुळे तोही हसला. काकांना अधूनमधून विनोद व्हायचे.

सकाळीच आपण हातासरशी उरकलं असेल आणि लक्षात राहिलं नसेल, असं त्याने ठरवलं. अकरा वर्षं एकच काम करणाऱ्याचं असं होणं काही नवल नाही. मांडीवर बसलेली धूळ झटकावी तसा त्याने तो विचार झटकला आणि स्वेटर घालायला घेतला.

त्याने जाताना तो खुर्चीच्या पाठीला अडकवला होता. आता त्याच्या दोन्ही बाह्या पुढे येऊन टेबलाच्या कडेवर टेकल्या होत्या. आणि वातानुकूलन त्या खोलीत इतकं होतं की बोटं आखडावीत, तरी स्वेटर आतून उबदार होता.

त्याच्या मनात पाल चुकचुकली. पण ऊब बरी वाटत होती, म्हणून त्याने तो अंगात घातला.

४

शंकेखोर माणूस परीक्षा घेतल्याशिवाय राहत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने शिक्का कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून मिस्त्रींकडे गेला. परत आला तेव्हा नऊ नकला तयार होत्या, शिक्क्यासकट. किल्ली त्याच्या खिशातच होती. कुलूपही लागलेलं होतं.

तिसऱ्या दिवशी तो दुकानात आला पण त्याने रंध्याला हात लावला नाही. मिस्त्रींचा फोन मागून घेतला आणि स्वतःच्या टेबलाचा नंबर फिरवला. पेन्शनकाका उचलतील, त्यांना विचारू, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. तीनदा घंटी वाजली. मग कुणीतरी उचलला.

पलीकडून दोनदा खाकरल्याचा आवाज आला.

"दुय्यम प्रती विभाग," आवाज म्हणाला. "बोला."

आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो हे माणसाला फारसं माहीत नसतं. तरी त्याला तो ओळखता आला. त्याच्यापेक्षा जरा मोकळा होता, एवढंच. मागे पेन्शनकाका काहीतरी बोलले आणि तो आवाज हसला. चांगलं, पोटातून हसला.

त्याच्या तोंडात कामाचंच वाक्य आलं. "माझा... मूळ कागद सापडलाय."

"नक्कल काढली होती का?"

"मी नाही काढली."

"पण निघाली असेल तर मूळ जमा करायला यावं लागेल," आवाज समजावणीच्या सुरात म्हणाला. "घाई नाही. सवडीने या."

त्याने फोन बंद केला. मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या पुढ्यातली धारदार पटाशी उचलून बाजूला ठेवली.

"घरी काही झालंय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. कचेरीत."

"मग ठीक आहे," मिस्त्री म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

५

त्यानंतर आठ दिवस तो खुर्चीतून हलला नाही. स्वेटर अंगातच ठेवला. घामाघूम झाला तरी काढला नाही. डबाही टेबलावरच खाल्ला.

आठव्या दिवशी मॅडमनी बोलावलं. "तुम्हाला बरं नाहीये का? त्याआधी पंधरा दिवस काय सुंदर काम होतं तुमचं. लोक कौतुक करून जात होते. आणि आता ढीग लागलाय."

"लोक कौतुक करत होते?"

"त्या म्हाताऱ्या बाई पुन्हा आल्या होत्या ना, शाळेच्या दाखल्यासाठी? तुम्ही त्यांना तो कापलेला कोपरा शोधून दिलात. बाई रडल्या हो बाहेर."

तो जागेवर येऊन बसला. पेन्शनकाकांनी खुर्ची सरकवली. "काय मग, पडला का चिमणीचा दात?"

चिमणीच्या दाताबद्दल तो कचेरीत कुणालाही, कधीही, एक अक्षर बोलला नव्हता.

त्याने त्याच रात्री राजीनामा लिहिला. बायकोला दाखवला. ती बराच वेळ कागद धरून बसली आणि म्हणाली, "दे. मी आहे. निभावू आपण. पण एकच काय ते कर. दोन्ही डगरींवर हात ठेवू नकोस." चिमणी झोपेत कूस बदलून त्याच्याकडे वळली. बऱ्याच वर्षांनी त्याला आपण घरात आहोत असं वाटलं.

तिथेच हे संपायला हवं होतं. सकाळी राजीनामा मॅडमच्या टेबलावर ठेवायचा, स्वेटर काखेत मारायचा आणि चालू लागायचं. तो तसा निघालाही होता. पण बसमध्ये त्याच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो विचार फार गोड होता. आपल्या जागी कुणीतरी काम करतंय. चांगलं करतंय. तक्रार नाही, बोभाटा नाही. मग सोडायची कशाला? पगारही राहील आणि आपणही सुटू. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं त्याने केलं. भीती वाटत होती, पण तिच्याकडे बघितलंच नाही.

त्याने स्वेटर खुर्चीला अडकवला, बूट टेबलाखाली जुळवून ठेवले आणि मागच्या जिन्याने खाली उतरला. राजीनामा खिशातच राहिला; बायकोने विचारलं की 'देतो' म्हणायचं.

६

पुढचा महिना सुखाचा गेला, असं म्हणायला हवं. सकाळी हजेरी लावायची, स्वेटर ठेवायचा, दिवसभर लाकूड, आणि साडेपाचला वर येऊन बूट, स्वेटर घालून घरी जायचं. त्याच्या तळहातांना घट्टे पडले. मिस्त्री एरवी कुणाला बरं म्हणायचे नाहीत, त्यांनी एकदा त्याने जोडलेला सांधा बोटाने दाबून पाहिला आणि "हं" म्हणाले.

खटकण्यासारखं थोडंच होतं. एकदा साडेपाचला तो वर आला तर बूट जागेवर नव्हते. मॅडमच्या दारापाशी सापडले. एकदा तो बायकोला मिस्त्रींची एक गंमत सांगू लागला, तर ती म्हणाली, "कळलं रे, मघाशी जिन्यात सांगितलीस ना." तो जिन्यात तिच्याबरोबर नव्हता.

आणि एका संध्याकाळी चिमणीने त्याचा हात हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला आणि सोडून दिला. "आज तुझे हात खरखरीत आहेत," ती म्हणाली. "कालचे चांगले होते."

त्या क्षणी त्याने ठरवलं: उद्या. उद्या राजीनामा द्यायचाच.

पण दुसऱ्या दिवशी खुर्ची पूर्ण झाली. छोटी, चार पायांवर नीट उभी राहणारी, कुठेही खिळा नसलेली. तिला शेवटचा हात देता देता साडेपाच कधी वाजले ते कळलं नाही. सहा वाजता तो धावत वर गेला तेव्हा कचेरीला कुलूप होतं. बूट, स्वेटर आत राहिले, असं त्याला वाटलं. असू देत, सकाळी राजीनामा आणि स्वेटर एकदमच. खुर्ची खांद्यावर घेऊन, चपलांवरच, तो घरी निघाला. चिमणी खुर्चीत बसेल तेव्हा कशी दिसेल एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

घराच्या दाराबाहेर त्याचे बूट होते. जुळवून ठेवलेले, नाड्या आत खोचलेल्या. तो स्वतः ठेवायचा तसेच.

आतून चिमणीचं हसणं ऐकू येत होतं. ती काहीतरी सांगत होती, न थांबता, श्वास न घेता. मध्ये दोनदा कुणी खाकरलं आणि तिला काहीतरी विचारलं. ती पुन्हा हसली.

त्याने बेल वाजवली. बायकोने दार अर्धं उघडलं. तिने त्याच्या केसांतला भुसा पाहिला, चपला पाहिल्या, खांद्यावरची खुर्ची पाहिली. तिचा चेहरा उजळला, पण तो खुर्चीकडे बघून.

"अय्या, किती छान झालीय. मिस्त्रींकडून आलात ना तुम्ही?"

"अगं," तो म्हणाला.

तिच्या खांद्यामागे कोचाची कड दिसत होती. कडेवर एक राखाडी बाही टेकलेली होती आणि त्या बाहीला चिमणी गाल लावून बसली होती. मान वळवून ती दाराकडे बघत होती. तिच्या पुढच्या दाताच्या जागी आता खिंड होती.

"कोण आहे गं?" आतून आवाज आला.

"अरे, तू सांगितलेली खुर्ची आलीय."

"घे ठेवून. आणि त्यांना पाणी विचार, चार जिने चढून आलेत."

बायकोने खुर्ची घेतली. पाणी आणायला ती आत गेली तेव्हा त्याला वाटलं, आता आत शिरावं. हे माझं घर आहे. पण तो दाराबाहेरच्या त्या बुटांकडे बघत मागे सरला. ती परत येईपर्यंत तो अर्धा जिना उतरलेला होता.

७

रात्र त्याने दुकानात भुशावर काढली. सकाळी तो कचेरीत गेला. चौथ्या मजल्यावर आतल्या दारातून शिरणार, तेवढ्यात पेन्शनकाकांनी कॅलेंडरवरून मान वळवली.

"अहो, बाहेरच्यांनी खिडकीवर यायचं. रांग आहे."

"काका, मी आहे."

"तेच म्हणतोय," काका नरमाईने म्हणाले. "तुम्हीपण रांगेतच या."

रांगेत तिघे होते. पहिल्याचं काम झालं, दुसऱ्याचं झालं. तिसऱ्याला आतल्या माणसाने काहीतरी विनोद सांगितला असावा. तो हसत हसत निघून गेला.

त्याच्याजवळ दाखवायला एकच कागद होता. पाकिटातून त्याने कचेरीचं ओळखपत्र काढलं, अकरा वर्षांपूर्वीच्या फोटोचं, आणि फटीतून आत सरकवलं. आतून एक हात आला. राखाडी बाही. मऊ बोटं, तर्जनीवर शाईचा डाग. त्या हाताशेजारी त्याचा स्वतःचा हात परक्या माणसाचा वाटला, घट्टे पडलेला, डिंकाने काळपटलेला.

दोनदा खाकरणं झालं.

"याची नक्कल निघालीय," आतला आवाज म्हणाला. "बरं केलंत आणून दिलंत ते."

"पण हे खरं आहे," तो म्हणाला. "मी खरा आहे."

"होतात ना," आवाज म्हणाला. त्यात जराही दुष्टपणा नव्हता. कात्रीचा आवाज आला. मग शिक्क्याचा.

तो वाकला. गुडघे टेकून, काचेला कपाळ लावून त्याने फटीतून आत पाहिलं. स्वेटरची बटणं दिसली, त्यांतलं तिसरं तपकिरी. वर गळा. गुळगुळीत दाढी केलेली हनुवटी. यापलीकडे दिसायचं तर आतल्या माणसाने वाकायला हवं होतं.

"इकडे बघा तरी," तो म्हणाला.

तो थांबून राहिला. आतला माणूस वाकणार नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? अकरा वर्षांत तो स्वतः एकदाही वाकला नव्हता. मागे रांगेत कुणीतरी चुळबुळ करू लागलं.

हनुवटी हलली नाही. फक्त शाईचा डाग असलेलं बोट पुढे आलं आणि त्याने ओळखपत्राचा कापलेला तिकोनी कोपरा हळूच फटीबाहेर सरकवला.

"हा न्या हवा तर," आतला माणूस म्हणाला. "लोकांना आवडतं जवळ ठेवायला."

आणि त्याने पुढच्याला बोलावलं.